ऑफिसचे कॉम्प्युटर विंडोज ११ वर न्यावेत का? (ठाणे, पाच मशीन, मार्चअखेर तोंडावर)

नौपाडा_कचेरी | ११ जानेवारी २०२६, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. आज जीएसटीआर-१ ची (विक्रीच्या जीएसटी रिटर्नची) शेवटची तारीख. सगळ्यांची रिटर्न गेली, म्हणून आता जरा निवांत लिहायला बसले आहे.

नौपाड्यात आमची करसल्लागाराची छोटी कचेरी आहे. बाबांनी १९९४ मध्ये सुरू केली, गेली नऊ वर्षं मी बघते. बाबा अजून रोज सकाळी येतात. माणसं पाच, कॉम्प्युटर पाच, आणि पाचही विंडोज १० वर. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर तिचे अपडेट थांबणार हे माहीत होतं. पण तेव्हा टॅक्स ऑडिटचा हंगाम होता. मुदत वाढून १० नोव्हेंबरवर गेली, मग ऑडिटवाल्यांची रिटर्न १० डिसेंबरपर्यंत. ऑडिट सीए करतात, पण कागद आमच्याकडूनच जातात. त्या धबडग्यात मी कुणाला मशीनला हात लावू दिला नाही.

मशीन अशी आहेत:
माझा लॅपटॉप, अकराव्या पिढीचा आय-५. विंडोज ११ घ्या, घ्या म्हणून रोज विचारतोय.
एक डेस्कटॉप, आठव्या पिढीचा आय-५. हा म्हणतो, तुमचं मशीन विंडोज ११ ला चालणार नाही.
दोन डेस्कटॉप, सहाव्या पिढीचे आय-३. एसएसडी टाकल्यापासून छान पळतात. एकावर टीडीएस होतं, दुसऱ्यावर आमचा मुलगा फक्त स्कॅनिंग आणि मेल बघतो.
आणि बाबांचं मशीन. कोअर टू ड्युओ, चार जीबी रॅम, ३२ बिटचं विंडोज १०. त्यावर बाबांनी स्वतः लिहिलेला डॉसवरचा फॉक्सप्रोचा (जुनं डेटाबेस सॉफ्टवेअर) प्रोग्रॅम आहे. अशिलांची फी, येणं, पावत्या, सगळं १९९४ पासून त्यात. पावती डॉट मॅट्रिक्सवर निघते.

हार्डवेअरवाला म्हणतो पाचही बदला. दुसरा म्हणतो, मशीनमागे हजार रुपये द्या, काहीतरी टाकून पाचांवर ११ चढवून देतो. माझ्याकडे साडेतीनशे लोकांचे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट आहेत. तीन महिने विनापॅच (सुरक्षेच्या दुरुस्त्यांशिवाय) बसलोय या विचाराने झोप लागत नाही, आणि मार्चअखेर काही बंद पडलं तर त्याहून वाईट. काय करावं?

घोडबंदर_नाका | ११ जानेवारी, रात्री ११.०२

ताई, चालत्या गाड्याला खीळ घालू नका. माझ्याकडे ट्रान्सपोर्टचं बिलिंग आहे, तीन मशीन, सगळी विंडोज १० वर, ऑक्टोबरनंतर एक दिवस खोळंबा नाही. डिफेंडरचे (विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसचे) अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार आहेत, ते मायक्रोसॉफ्टनेच सांगितलंय. मार्च होऊन जाऊ द्या, मग बघा.

ऐरोली_हेल्पडेस्क | १२ जानेवारी, सकाळी ७.५०

बसमध्ये आहे, पण हे थांबून लिहिण्यासारखं आहे.

घोडबंदर_नाका, २०२८ ची तारीख बरोबर आहे, पण ती फक्त व्हायरसच्या ओळखयादीची. डिफेंडर म्हणजे सोसायटीचा वॉचमन, यादीतल्या चोराला तो अडवतो. पॅच म्हणजे दाराची मोडलेली कडी बदलणं. कडी मोडकीच ठेवून वॉचमनच्या हातात नवी यादी दिली, तर यादीत नसलेला माणूस सरळ आत येतो. शिवाय दर महिन्याला विंडोज ११ चे पॅच निघतात तेव्हा कुठली कडी मोडकी होती हे जगाला कळतं. तीच कडी १० मध्येही असते बऱ्याचदा, आणि तिथे ती बदललेली नसते. म्हणून "ऑक्टोबरनंतर काही झालं नाही" यावर विसंबू नका. जितका काळ जाईल तितक्या उघड्या कड्या वाढतात.

आता ताई, तुमच्या मशीनबद्दल.

लॅपटॉप: काही प्रश्नच नाही, न्या. विंडोज १० अस्सल असेल तर ११ फुकट आहे.

आठव्या पिढीचा आय-५: हा चालायला हवा. इंटेलची यादीच साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. नाही म्हणतोय याचा अर्थ बहुतेक टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) बंद आहे. त्या काळात असेंबल केलेल्या मशीनमध्ये टीपीएम वेगळी चिप म्हणून नसतो, प्रोसेसरमध्येच असतो, आणि बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) "इंटेल पीटीटी" नावाने बंद ठेवलेला असतो. स्टार्टमध्ये टीपीएम.एमएससी (tpm.msc) टाइप करून बघा काय म्हणतो ते.

दोन आय-३: नियमात बसत नाहीत. आडमार्गाने ११ चढतं हे खरं आहे, पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी नाही असं मायक्रोसॉफ्टने स्पष्ट लिहून ठेवलंय. अपडेटसाठीच तर हा सगळा खटाटोप. हजार रुपयेवाल्याला नमस्कार करा.

बाबांचं मशीन: हे खरं अवघड. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही, आणि ६४ बिट विंडोजवर जुने डॉसचे प्रोग्रॅम चालत नाहीत. त्या मशीनला अपग्रेड हा शब्दच लागू नाही. त्याबद्दल संध्याकाळी लिहितो.

उरण_फाटा | १२ जानेवारी, सकाळी ९.२०

मार्चनंतर बघू म्हणणाऱ्यांसाठी एक आठवण. जून २०१७ मध्ये मी उरणला एका सीएचएकडे (कस्टम्स एजंटकडे) कामाला होतो. २७ जूनला नॉटपेट्या नावाचा व्हायरस पसरला आणि जेएनपीटीतल्या (न्हावा-शेवा बंदरातल्या) एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. आमचे ट्रेलर दास्तान फाट्याच्या अलीकडे रांगेत उभे, ड्रायव्हर पावसात, आणि मी फोनवर पार्टीला एकच वाक्य सांगतोय की सिस्टिम बंद आहे. त्या व्हायरसने वापरलेल्या भोकाचा पॅच मार्चमध्येच निघाला होता. साडेतीन महिने आधी.

आणि तो एका विनापॅच मशीनमधून आत शिरला की तिथले पासवर्ड चोरून पॅच केलेल्या मशीनवरही जात होता. पाचातली चार चांगली असली तरी पाचवं त्याच वायरवर आहे हे विसरू नका.

तुर्भे_वर्कशॉप | १२ जानेवारी, दुपारी १.४०

उरण_फाटा यांच्याशी शंभर टक्के सहमत. आमच्या तुर्भ्याच्या गाळ्यात एका सीएनसी मशीनला जोडलेला पीसी अजून विंडोज ७ वर आहे. त्याचं कंट्रोलर कार्ड नवीन विंडोजला ओळखतच नाही, आणि मशीन बदलायचं म्हणजे लाखांची गोष्ट. म्हणून त्याला नेटवर्कमधून कायमचं काढलं. लॅन केबल काढून पोर्टवर टेप लावली. प्रोग्रॅम एकाच ठरलेल्या पेनड्राइव्हने जातो, तो आधी दुसऱ्या मशीनवर तपासला जातो. सहा वर्षं असंच चाललंय. जुनं मशीन ठेवा, पण एकटं ठेवा.

ऐरोली_हेल्पडेस्क | १२ जानेवारी, रात्री ९.१०

तुर्भे_वर्कशॉप यांनी माझं अर्धं काम केलं. बाबांच्या मशीनला हाच उपाय: केबल काढा. फॉक्सप्रोला इंटरनेट कधी लागलंच नाही.

पण केबल काढून प्रश्न संपत नाही. हार्डडिस्क किती जुनी आहे? ती गेली तर तीस वर्षांचा हिशोब गेला. फॉक्सप्रोचा डेटा डीबीएफ फाइलींमध्ये असतो. ते आख्खं फोल्डर आजच दोन ठिकाणी कॉपी करा. मग लॅपटॉपवर लिब्रेऑफिस टाकून त्यातली एखादी डीबीएफ उघडून बघा, तक्त्यासारखी समोर दिसते. प्रोग्रॅमच चालवायचा असेल तर डॉसबॉक्स-एक्स बघा, तो नव्या विंडोजवर चालतो आणि छपाईचीही सोय देतो. पण बाबांना तेच कीबोर्डचे शॉर्टकट, तोच पडदा लागेल. घाई करू नका, शेजारी बसून करून बघा.

पैसे देऊन १० चालू ठेवण्याबद्दल: ईएसयू म्हणून वाढीव पॅचची योजना आहे. घरगुती वापराची १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालते. सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट खात्यावर सिंक केल्यात तर फुकट, नाहीतर एकदाच ३० डॉलर. ऑफिससाठीची वेगळी आहे: पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं, ऑक्टोबर २०२८ पर्यंत. दुसऱ्या वर्षी आत शिरलात तर पहिल्या वर्षाचेही द्यावे लागतात. दोन्हींना मशीन २२एच२ वर (विंडोज १० च्या शेवटच्या आवृत्तीवर) असायला हवं, विनव्हर (winver) टाइप करून बघा. अशिलांचा डेटा असलेल्या कचेरीने ऑफिसचीच घ्यावी असं माझं मत.

नौपाडा_कचेरी | १३ जानेवारी, रात्री ९.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. केबल काढली. बाबांनी विचारलं, याला शिक्षा का? उरणची हकीकत सांगितली, मग म्हणाले बरोबर आहे. फोल्डर पोर्टेबल हार्डडिस्कवर आणि एका पेनड्राइव्हवर घेतलं. तीस वर्षांचा डेटा मिळून पन्नास एमबीसुद्धा नाही.

आय-५ चं: टीपीएम सापडत नाही म्हणतोय. बायोसमध्ये पीटीटी दिसलं, पण सुरू करायच्या आधी थांबले. तिथेच "लेगसी" असं काहीतरी आहे, तेही यूईएफआय करायला हवं का?

ऐरोली_हेल्पडेस्क | १३ जानेवारी, रात्री १०.०५

थांबलात ते फार चांगलं केलंत. इथेच लोक फसतात.

लेगसी ही मशीन उठवण्याची जुनी पद्धत, यूईएफआय ही नवी. लेगसी आहे म्हणजे डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची आहे. बायोस आधी यूईएफआयवर टाकलात तर विंडोज उठणारच नाही, काळा पडदा. क्रम उलटा हवा. आधी पूर्ण बॅकअप. मग विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाचं साधन आहे, आधी त्याचं व्हॅलिडेट चालवा. ते हो म्हणालं तरच कन्व्हर्ट, म्हणजे डिस्क नव्या जीपीटी पद्धतीवर. डेटा जात नाही, पण बॅकअपशिवाय करू नका. त्यानंतर बायोसमध्ये यूईएफआय, पीटीटी आणि सिक्युअर बूट सुरू.

आणि एक, जीव तोडून सांगतो: बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू आहे का बघा. असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून काढा आणि बिटलॉकर तात्पुरता थांबवा. टीपीएम बदलला की मशीन ती की मागतं. ती नसेल तर डेटा कायमचा आत. आमच्याकडे एका माणसाने ती की त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह केली होती.

वाशी_सेक्टर१७ | १४ जानेवारी, दुपारी १२.३०

संक्रांतीच्या शुभेच्छा सगळ्यांना.

मी एका सीए फर्ममध्ये आहे, आमच्याकडे मागच्या वर्षी बारा मशीन बदलली. विंडोजने फारसा त्रास दिला नाही. त्रास डीएससीने (डिजिटल सहीने) दिला. टोकन (ती सही असलेली यूएसबी) लावलं, दिवा लागला, पण पोर्टलवर सर्टिफिकेटच दिसेना. कारण जुना ड्रायव्हर. ११ मध्ये मेमरी इंटिग्रिटी नावाचं संरक्षण बऱ्याचदा चालू असतं, ते जुने ड्रायव्हर अडवतं. कोणीतरी सांगेल की ते बंद करून टाका. करू नका. टोकन ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्या साइटवरून नवा ड्रायव्हर घ्या. जीएसटीचा ईएमसाइनर आणि इन्कम टॅक्सचा एमब्रिज (पोर्टलवर सही करून देणारी सॉफ्टवेअर) पुन्हा नव्याने टाका, आणि खरी सही करून बघा. नुसतं टोकन दिसलं म्हणजे झालं असं नाही. आरपीयूला (टीडीएस रिटर्न तयार करायच्या सॉफ्टवेअरला) जावा लागतं, तेही उघडून एक फाइल व्हॅलिडेट करून बघा.

तारखेबद्दल. अपग्रेडनंतर मागे जायची सोय फक्त दहा दिवस असते, मग जुनी विंडोज पुसली जाते. म्हणून आम्ही दिवस निवडला तो २१ तारखेचा. २० ला ३बी (जीएसटी भरण्याचं मासिक रिटर्न) संपतं, पुढे ७ चा टीडीएस भरणा आणि ११ ची जीएसटीआर-१ येईपर्यंत मोकळीक मिळते. जानेवारीत वर तिसऱ्या तिमाहीचं टीडीएस रिटर्न ३१ ला आहे, म्हणजे खरं काम करून बघायला दहा दिवस बरोबर मिळतात. एकदम सगळी मशीन मुळीच नेऊ नका. एकच.

ऐरोली_हेल्पडेस्क | १४ जानेवारी, दुपारी १२.५०

+१. दहा दिवसांची मुदत डीआयएसएम या विंडोजच्या साधनाच्या एका आज्ञेने साठ दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ती आज्ञा त्या दहा दिवसांच्या आतच द्यावी लागते.

पनवेल_डीटीपी | १४ जानेवारी, रात्री ८.१५

मराठी टाइपिंगबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. बाबांची जुनी पत्रं, नोटिसा जुन्या फॉन्टमध्ये असतील, युनिकोडमध्ये नसतील, तर ते फॉन्ट नव्या मशीनवर कॉपी करायला विसरू नका, नाहीतर कागदभर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसेल. ज्या सॉफ्टवेअरने टाइप करत होतात त्याचा डोंगल (लायसन्सची यूएसबी किल्ली) नव्या विंडोजवर चालतो का तेही विचारून घ्या. माझं एक जुनं व्हर्जन चाललं नाही, तेव्हा एक आख्खी निवडणूक यादी हातात होती. त्यानंतर सगळं नवं काम युनिकोड आणि इनस्क्रिप्ट कीबोर्डवर. पंधरा दिवस बोटं अडखळली, मग बसली.

घोडबंदर_नाका | १५ जानेवारी, सकाळी ८.००

सगळं वाचलं. वॉचमन आणि कडीचं पटलं. माझी तीनही मशीन चौथ्या पिढीची आहेत, बदलायलाच लागतील. पण रॅमचे भाव गेल्या काही महिन्यांत फारच चढलेत, लॅमिंग्टन रोडला विचारून आलो. कंपन्यांतून निघालेली जुनी मशीन घेतली तर चालतील का?

ऐरोली_हेल्पडेस्क | १५ जानेवारी, सकाळी ८.२५

चालतील. फक्त "आय-५ आहे" यावर जाऊ नका, पिढी बघा. प्रोसेसरच्या नंबरची सुरुवात ८, ९, १० अशी हवी. दुकानातच सुरू करून विंडोज अस्सल आणि ॲक्टिव्हेटेड आहे का ते सेटिंग्जमध्ये बघा.

कोपरखैरणे_मिंट | १५ जानेवारी, रात्री ११.४०

जो आय-३ फक्त स्कॅनिंग आणि मेलसाठी आहे, त्यावर लिनक्स मिंट २२ (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) टाका. २०२९ पर्यंत अपडेट, पैसे शून्य, मशीन तेच. सह्या आणि टीडीएसच्या मशीनवर टाका असं मी म्हणणार नाही.

नौपाडा_कचेरी | १ फेब्रुवारी, सायंकाळी ६.२०

काय झालं ते सांगायला आले आहे.

लॅपटॉप २१ ला रात्री केला. शुक्रवारी आमच्याकडे देखभालीसाठी वीज घालवतात, म्हणून बुधवार घेतला, यूपीएसवर ठेवून. दीड तास लागला. सकाळी वाशी_सेक्टर१७ यांनी सांगितलं तेच घडलं: टोकनचा दिवा लागला, सर्टिफिकेट नाही. नवा ड्रायव्हर टाकला, एमब्रिज पुन्हा टाकला, सही झाली. तिसऱ्या तिमाहीची टीडीएसची सगळी रिटर्न मी मुद्दाम या लॅपटॉपवरून केली. शेवटचं काल दुपारी गेलं.

एक मात्र बंद पडलं, ज्याचा विचारच केला नव्हता. आमचा जुना कॉपियर स्कॅन करून लॅपटॉपच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये टाकतो. आता नुसता एरर देतो. पासवर्ड तीनदा तपासला.

ऐरोली_हेल्पडेस्क | १ फेब्रुवारी, सायंकाळी ७.००

पासवर्डचा दोष नाही. ११ च्या २४एच२ पासून प्रो आवृत्तीत फाइल शेअरिंगला एसएमबी साइनिंग (फाइल खरंच त्याच मशीनकडून आली हे तपासणारी सही) सक्तीचं झालंय. जुन्या कॉपियरना ते येत नाही. ते बंद करता येतं, पण अशिलांचे कागद ज्या मशीनवर आहेत तिथे मी करणार नाही. कॉपियरचं फर्मवेअर नवं आहे का ते बघा, नाहीतर स्कॅन मेलवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या.

कोपरखैरणे_मिंट | १ फेब्रुवारी, रात्री ९.३०

किंवा स्कॅनचं फोल्डर मिंटच्या मशीनवर ठेवा. तिथे साइनिंगची सक्ती नाही, आणि विंडोज ११ वाल्यांना ते नीट साइन करूनच देतं. कॉपियरला निदान एसएमबी २ यायला हवं. गेस्ट शेअर ठेवू नका, नाव-पासवर्ड द्या, ११ प्रो गेस्टला आत घेत नाही.

नौपाडा_कचेरी | ८ फेब्रुवारी, रात्री ९.४५

स्कॅनिंगच्या आय-३ वर मिंट टाकलं, फोल्डर तिथे हलवलं, कॉपियर चालू झाला. मुलाला दोन दिवस लागले, आता तक्रार नाही. टीडीएसच्या आय-३ ला ऑफिसचं ईएसयू घेतलं, एका वर्षासाठी. पाच-साडेपाच हजार गेले, पण मार्चअखेर त्या मशीनला मी हात लावणार नाही. जूनमध्ये ते बदलेन. आय-५ ची डिस्क व्हॅलिडेट झाली, त्याचा दिवस २१ फेब्रुवारी, शनिवार.

बाबांचं राहिलं होतं. आज रविवार, दोघंच कचेरीत बसलो. लॅपटॉपवर डीबीएफ उघडली. बाबांना वाटत होतं आकडे विस्कटतील. म्हणाले, १९९८ चं ते रामबाबूंच्या गल्लीतल्या छापखान्याचं खातं काढ, ते मला पाठ आहे. काढलं. त्यांनी कपाटातून त्या वर्षीची डॉट मॅट्रिक्सची पट्टी आणली, कडेला भोकं असलेला पिवळा पडलेला कागद, आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचली. मी पडद्यावर बघत गेले. चौदा नोंदी, शेवटी बाकी दोनशे चाळीस रुपये. जुळली.

पावत्या ३१ मार्चपर्यंत जुन्याच मशीनवर निघतील. १ एप्रिलपासून बाबा डॉसबॉक्सवर बसून बघणार आहेत, शेजारी मी.